दोनशे अकरा पायऱ्या

या टेकडीवर गाडी चढत नाही.
दोनशे अकरा पायऱ्या, मधे दोन वळणं,
एका वळणावर कुत्रं. ते मला ओळखतं.
तीस वर्षं मी वाल्पाराइसोतली घरं उतरवतोय,
मी आणि माझं खेचर, चिरिमोया.
कपाटं, गाद्या, शिवणयंत्रं, एकदा तर पियानो.
म्हणून सांगतो, पसाऱ्याबद्दल लोकांना
फार खात्री असते.

शनिवारी मकारेना आली, सान्तियागोहून,
हातात तीन रंगांच्या चिकटपट्ट्या.
हिरवी ठेवायला, पिवळी द्यायला, लाल टाकायला.
"उद्या संध्याकाळपर्यंत आटपेल," म्हणाली.
तिची आई, दोन्या एदेल्मीरा, काही बोलली नाही.
तिनं चहाचं आधण ठेवलं.
ज्या किटलीत ठेवलं तिच्यावर लाल पट्टी होती.

घर काही पोतं नव्हे,
उलटं धरलं की रिकामं व्हायला.
चव्वेचाळीस वर्षं एकेक चमचा करून आत आलेलं
दोन दिवसांत बाहेर काढू गेलं
तर चमचे जातात,
वर्षं तिथंच बसून राहतात, पाय पसरून.

आणि ती खोकी.
पारदर्शक, झाकणवाली, एकावर एक बसणारी.
मकारेनानं बारा मागवली, चिरिमोयानं वर नेली.
बाई गं, खोकं आलं म्हणून पसारा जात नाही,
त्याला राहायला खोली मिळते, इतकंच.
हे मी मनातल्या मनात म्हणालो.
पैसे अजून मिळायचे होते.

मागच्या खोलीत मात्र सगळं हिरवं.
शाळेच्या वह्या, एका पायाचा स्केट,
तारा नसलेली गिटार, कुणा मुलाची पत्रं.
सगळं मकारेनाचं.
आपली ती आठवण, दुसऱ्याची ती अडगळ,
हे सगळ्याच घरांत असंच असतं,
मी हसलो नाही. खेचर हसल्यासारखं दिसतं, पण ते नेहमीच.

वडिलांच्या कोटापाशी ती थांबली.
हात लावायचा धीर होईना, म्हणून हिरवी पट्टी.
"ने तो," आतून दोन्या एदेल्मीरा म्हणाली,
"इलारिओ त्यात कधी नव्हताच.
लग्नातही दिवसभर अंग आखडून उभा होता."
मग तिनं ओट्याखालून पत्र्याचा डबा काढला.
गंजके खिळे. पंच्याऐंशीच्या भूकंपात भिंत गेली,
तेव्हा तो संध्याकाळी बसून हातोडीनं सरळ करायचा.
निम्मे सरळ, निम्मे वाकडेच.
"एवढं राहू दे."
मकारेनाकडे त्याला लावायला रंगच नव्हता.

लोकांना वाटतं, टाकलं की गेलं.
'गेलं' नावाचं गाव मी खूप शोधलं.
पायऱ्या संपतात तिथं रस्ता आहे,
रस्ता संपतो तिथं माझं अंगण.
कोट तिथं, सहा खुर्च्या तिथं, गेल्या वर्षीचा पाळणा तिथं.
रुफिना रोज रात्री एकच वाक्य म्हणते,
मी रोज कूस बदलतो.

लाल ढिगात किटली होती.
तीन दिवस ती माझ्या चुलीवर शिट्टी वाजवत होती
आणि मला ती पाठमोरी बाई दिसत होती,
मान खाली, हात कपाशी.
बुधवारी पुसून, चकचकीत करून वर नेली.
खेचर घेतलं नाही, एवढ्याशा ओझ्याला कशाला.
दोनशे अकरा पायऱ्या.

दार उघडं होतं. खोली खरंच मोठी झाली होती,
खोटं कशाला बोलू,
खिडकीतून आता धक्क्यापर्यंतची जहाजं दिसत होती.
दोन्या एदेल्मीरा खुर्चीत, पाय उंचावर.
ओट्यावर विजेची नवी किटली, आतलं पाणी निळ्या उजेडात उकळत होतं.
"अरे देवा, ती?" ती म्हणाली.
"तिची मूठ भाजायची. चव्वेचाळीस वर्षं भाजत होती.
घेऊन जा बाबा."

चहा दिला, दोन साखरा.
मग मी उतरलो, किटली बगलेत,
कुत्र्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
रुफिनाला काय सांगायचं
ते दुसऱ्या वळणावर ठरवू म्हटलं.