पाचवी टोळंबी

टेंभुर्णीपाड्याच्या उपकेंद्रात
डॉक्टरांची पाटी अजून आहे.
नाव तेवढं खरवडलेलं,
खाली पदवी तशीच.
खुर्चीत लसीचा रिकामा डबा बसलेला.

मी साक्रीहून आले, नऊ दिवसांसाठी.
पिशवीत सात घड्याळं, एक रबरी बाळ
आणि तक्ता:
दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतलं लेकरू,
मिनिटाला पन्नास श्वास किंवा जास्त,
तर थांबायचं नाही.

रबरी बाळ पाहून बाया हसल्या.
हे तर श्वासच घेत नाही, कोणीतरी म्हणालं.
मग वेडूबाईनं आपली पाच महिन्यांची नात
सतरंजीवर ठेवली, झोपलेली,
आंगडं छातीवर सारून.
आता मोजा.

वेडूबाईचे आकडे दहापाशी थांबतात, पुन्हा एकवर येतात.
मोहाची पाटी, शेळ्या, मजुरीचे दिवस
तिनं असेच मोजलेत, आणि कुणी तिला फसवू शकलं नाही.
तिनं ओच्यातून टोळंब्या काढल्या,
मोहाच्या, तेल गाळायला ठेवलेल्या.
दहा झाले की एक खाली.
घड्याळ वाजलं तेव्हा
तीन टोळंब्या, वर चार बोटं.
माझ्या वहीत चौतीसच होते.

पाचवी पडली तर?
पळायचं, सगळ्या एकदम म्हणाल्या.
वेडूबाई नाही म्हणाली.
ती दाराबाहेर बघत होती, नाल्याकडं.
"नाल्याले पूर उना, गाडी नई उनी,
मंग मी काय मोजसू?"

तक्त्यावर ते नव्हतं.
मी पहिला डोस शिकवला,
चमच्यावरची रेघ नखानं कशी ओळखायची,
ऊब, अंगावरचं दूध.
तिच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हतं,
निम्मा रस्ता होता फार तर.
तिनंही तो तसाच घेतला, निम्मा.

शेवटच्या दिवशी हजेरीचे कागद भरता भरता
भिंतीला टेकून माझा डोळा लागला.
उठले तर मांडीवर दोन टोळंब्या,
समोर तिची दोन बोटं.
"बावीस. दमेल शे तू."

श्रावणात, रात्री तीनला, फोन.
हॅलो नाही, नाव नाही.
"पाच पडन्यात. डोस दिधा. निंघनू."
मागं मोटरसायकल, पाण्याचा आवाज,
आणि लेकराचा नाही. तो ऐकू येईना.

मी पिंपळनेरला फोन लावला.
डॉक्टर धुळ्याला ड्यूटीवर.
सिस्टर आहेत का?
आहेत.
मग त्यांना सांग, दिवा चालू ठेवा.
एक बाई येईल, भिजलेली,
चिठ्ठी मागू नका तिच्याकडं,
तू कोण, हेही विचारू नका.
ती मूठ उघडील.
त्यात जेवढ्या असतील
तेवढ्या खऱ्या धरा.