डावं-उजवं

जूनमध्ये माझ्या काट्यावर कोणी येत नाही.
गहू वीतभर, मसूर त्याहून बुटका,
कोठारं रिकामी,
आणि सस्कॅचवानचा वारा दिवसभर
लोखंडी पाटीवर उभा राहून
आपलंच वजन करून बघतो.
काचेवर कधी शून्य, कधी दहा किलो.

त्या दुपारी एल्डन टोलेफसन आला,
पिकपमागे ते चाकांवरचं घर,
डावीकडे किंचित कललेलं,
एका कानाने बहिऱ्या माणसासारखं.
"मागचं डावं टायर तिसऱ्यांदा खाल्लं हिने,"
तो म्हणाला.
मॅविसला वाटलं तिच्याबद्दलच बोलतोय,
तिने आतूनच हात हलवला.

आधी सगळी चारही चाकं पाटीवर:
दोन हजार नऊशे.
"हे तर ठीक आहे," एल्डन म्हणाला, "मग बिघडलं कुठे?"
माझे वडील याच खिडकीत बसायचे,
म्हणायचे, ओरिसिया,
बेरीज जुळली म्हणून वाटणी जुळली
असं समजू नकोस.
(आम्ही पाच भावंडं होतो. त्यांना माहीत असणार.)

मग गाडी पुढे, गाडी मागे.
डावी चाकं पाटीवर, उजवी बाहेर खडीवर.
मग एकटं मागचं डावं.
एल्डन गुडघ्यावर बसून
एकेका चाकाशी आकडा खडूने लिहीत गेला:
पुढचं डावं सातशे चाळीस,
मागचं डावं आठशे सत्तर,
पुढचं उजवं सहाशे साठ,
मागचं उजवं सहाशे तीस.
टायरवर कोरलेली मर्यादा आठशेची.
मी दोनदा बघितलं. वारा थांबेस्तोवर
पुन्हा एकदा.

"पलंगाखाली काय आहे?" मी विचारलं.
एल्डनने मॅविसकडे बघितलं.
मॅविसने कोठाराकडे.

दगड होते.
एकतीस उन्हाळ्यांचे, बिस्किटांच्या डब्यांत भरलेले,
झाकणांवर नदीचं नाव आणि तारीख.
दर मुक्कामी दोन-चार,
कुणाच्या खिजगणतीत नसणारे,
पासंगालाही न पुरणारे.
पाटीवर मांडले तेव्हा
दोनशे साठ किलो भरले.

मला वाटलं, आता भांडण.
खिडकी लावून घ्यावी का, असंही वाटलं.
पण एल्डन एकेक झाकण वाचत बसला.
"ही तीच का, जिथे तंबू वाहून गेला?"
"तंबू नाही. तुझी पँट."
असं बरंच चाललं.
माझी कॉफी गार झाली.

फेकू या, असं कुणीच म्हणालं नाही.
अर्धे डबे उजवीकडे, सिंकखालच्या कपाटात;
त्यासाठी कढया बाहेर आल्या
आणि एक जुनी इस्त्री, जी मला देऊन टाकली.

एका डब्यावर नदीचं नाव नव्हतं.
फक्त तारीख, मार्चमधली,
जेव्हा इथल्या नद्या गोठलेल्या असतात
आणि कोणी कुठे जात नाही.
तो एल्डनने दोन्ही हातांनी उचलला,
हलका दिसत होता.
"हा कुठे?" त्याने विचारलं.
"मध्ये," मॅविस म्हणाली,
"दोन्ही आसांच्या मधोमध."
मी वजन विचारते. कारण विचारत नाही.
तो डबा मी वेगळा तोललाही नाही.

पुन्हा पुढे, पुन्हा मागे.
डावीकडे चौदाशे ऐंशी, उजवीकडे चौदाशे वीस.
मागचं डावं सातशे नव्वद.
साठाचा फरक राहिला.
"फ्रिज," एल्डन म्हणाला.
"तुझी हत्यारं," मॅविस म्हणाली.
मग तो फरक तसाच ठेवला.

दहा डॉलर घेतले, पावती छापली.
यंत्राला मालाचा रकाना रिकामा चालत नाही:
गहू, जवस, राई, वाटाणा,
यांतलं काहीतरी निवडावंच लागतं.
मी मसूर निवडला.
एल्डनने पावती वाचली, घडी घातली,
खिशात ठेवली. काही बोलला नाही.

ती दोघं पश्चिमेकडे वळली.
घर मागून सरळ दिसत होतं.
काचेवर शून्य आलं,
मग वाऱ्याचे दहा.