क्रमांक पुढे चालू

वांद्रे पूर्वेला, कलेक्टर कचेरीच्या कुंपणाशी
माझं टेबल, एक छत्री, एक बॅटरी,
मॉनिटरला उन्हासाठी पुठ्ठ्याचं झापड.
अर्ज, प्रतिज्ञापत्र, वारसांची यादी,
पानाला तीस रुपये.

टाइपरायटरवर होतो तेव्हा आकडे मी टाकायचो.
सात म्हणजे सात. मागाहून कुणी घुसला
तर ७अ, आणि तोही अंग चोरून बसायचा.
आता एंटर दाबला की पुढचा आकडा
न बोलावता येतो,
व्याह्यासारखा ऐसपैस.

त्याला वळण लावण्यात माझी दोन वर्षं गेली.
यंत्राला वाटतं, अ नंतर आ येतो.
बालवाडीत येत असेल. करारनाम्यात
अ नंतर ब, मग क, मग ड;
ख आणि ग कुठे जातात ते विचारायचं नाही.
हे त्याच्या कुठल्याच यादीत सापडेना.
शेवटी एकेक अक्षर हातानं भरलं,
कंस उजवीकडचा तेवढा ठेवला,
समास पाव इंच आत ओढला,
आणि त्या शैलीला नाव दिलं : कचेरी-१.

लीलावती मोरेश्वर तांडेल, राहणार चिंबई,
मंगळवारी आल्या. मिठाईच्या दुकानाची पिशवी,
तीत नवऱ्याचा मृत्यूदाखला, रेशनकार्ड.
वारस सांगा, म्हटलं.

१. मी स्वतः. एकसष्ट लिहा.
२. जगदीश, चाळीस.
३. कल्पेश, एकोणीस.
४. प्रमिला, छत्तीस.

टाइप करणाऱ्यानं वाचायचं नसतं,
पण चाळीस आणि छत्तीसच्या मध्ये
एकोणीस बसत नाही, हे बोटांनाच कळलं.
मी वर बघितलं.
"तो तेवढाच आहे," म्हणाल्या.

समजावलं : वडिलांच्या आधी गेलेला,
लग्न न झालेला, यादीत येत नाही.
त्यांनी मान हलवली. मी ओळ उचलली, पुसली.
आणि पापणी लवायच्या आत
प्रमिला तिनावर आली.
बाकावरून कुणी उठलं की
बाकीचे सरकतात ना, तशी.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या.
"नाव नको तर नको.
पण त्याचा नंबर तिला नका देऊ.
तिला विचारा, तीही नाही घेणार."

रिकामा आकडा ठेवायची सोय यंत्रात नाही.
म्हणजे आहे, पण कुणी मागत नाही :
आकड्यावर राइट क्लिक,
'मूल्य ठरवा' म्हणून एक बारीक चौकट,
तिच्यात ४.
प्रमिला आपल्या जागी परत गेली.
दोन, मग चार. मध्ये काही नाही,
ओळीएवढंसुद्धा अंतर नाही.

म्हटलं, बाई, कारकून विचारील.
"विचारू दे."
तीस रुपये सुटे दिले, दहाच्या तीन नोटा.

शुक्रवारी परत आल्या.
समासात लाल शाईनं, घाईच्या अक्षरात :
अ. क्र. ३ कुठे?
कागद माझ्यापुढे असा धरला
की जणू पोराचा निकाल.
"एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो."

मग काय सांगितलंत?

"सगळं. खिडकीपाशी उभी राहून.
आधी तो पेन आपटत होता, मग थांबला.
मागे रांग होती, तीही थांबली."

पिशवी टेबलावर ठेवली, पदर सारखा केला.
"आता लावा ओळीनं."

राइट क्लिक. क्रमांक पुढे चालू.
प्रमिला तिनावर.
जुनी मांडणी मी पुसली नाही,
कचेरी-२ म्हणून जपून ठेवलीय.
अजून कुणी मागितलेली नाही.