टेक सातवा

धंतोलीतली ती खोली. भिंतींना स्पंज, दाराला गोधडी,
एसी बंद, त्याचा आवाज येतो म्हणून.
मे महिना. एक ते शंभर म्हणायचे होते मला,
दर आकड्यानंतर दोन सेकंद गप्प.
सेहेचाळीस म्हणाले
तेव्हा बाहेरही तेवढंच होतं.

काचेपलीकडचा पोरगा म्हणायचा,
मॅडम, थोडं गोड. मॅडम, थोडं हसून.
चुकणाऱ्या मुलांसाठी सात वाक्यं होती,
बरोबर येणाऱ्यांसाठी दोनच.
"हाव" नको, "अगदी बरोबर" म्हणा.
दहावीच्या गणिताला दोनदा बसलेली मी
"हातचा विसरू नकोस हं" असं बावीसदा म्हणाले.
पैसे मिळाले. आवाज त्यांचा झाला.

आता मानेवाड्यात, कडुनिंबाच्या सावलीत,
सुखदेवभाऊच्या इस्त्रीच्या ठेल्याला टेकून
पोत्यावर दिव्यानी बसते, तिसरी ब.
तडा गेलेला मोबाईल, आणि त्यातून मी.

"एकोणसाठ," मी म्हणते.
ती एकोणसत्तर दाबते.
"हरकत नाही. पुन्हा एकदा बघ बरं."
एकोणपन्नास.
"हरकत नाही. पुन्हा एकदा बघ बरं."
"नाव साठाचं अन् लिहाचं पन्नासात, असं काऊन?"
मी उत्तर देत नाही.
ते यादीत नव्हतं.

सुखदेवभाऊ निखारे फुंकतो. राख उडते.
"बाबा, हे बाई थकत नाई काऊन?"

थकले होते गं. पाणी मागितलं तर म्हणाला,
हा टेक होऊ दे.
आणि घरी, पंधरा वर्षांपूर्वी, हाच एकोणसाठ,
ओट्यापाशी पाटी घेऊन निखिल,
माझ्या हातात लाकडी पट्टी.
हरकत नाही, असं एकदाही नाही.
तो आता हैदराबादला असतो. पैसे वेळेवर पाठवतो,
पूर्ण आकड्यात.

"काकू, अकरा कपडे," दिव्यानी उठते,
"आठ रुपये नग."
मोबाईल पोत्यावर उलटा.
ती घड्यांच्या थप्पीवर बोट फिरवत जाते, ओठ हलतात,
सातव्या साडीशी अडते, मागे येते,
मी काही बोलत नाही.
"अठ्ठ्याऐंशी?"
आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबते,
दोन सेकंद.

जिभेवर आलंच होतं ते, गोड, थोडं हसून.

"हाव," म्हणाले.

शंभरची नोट घेऊन ती
बापाच्या डब्यात बारा रुपये शोधायला लागली.