उशीर

"म्याडम, पाच इंच घेऊ का सहा?"
मिस्त्री सेंट्रिंगवरून ओरडतो,
आणि उत्तर द्यायच्या आधीच
माझं मोजून झालेलं असतं
पाच म्हणजे किती, सहा म्हणजे किती,
सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत.

सवय आहे. ऑफिसात मी उशीर बनवते.
छताला टेकताक्षणी फुटायचं नसतं गोळ्यानं.
छत ओलांडायचं, आतल्या हवेत यायचं,
मग.
त्या 'मग'ची लांबी माझ्याकडे असते.
धांडे सर म्हणतात, आपण कुठे स्फोट करतो,
आपण तर त्याला धरून ठेवतो.
डबा उघडता उघडता म्हणतात, लोणचं पुढे सरकवतात.
मुलगा सीमेवर आहे त्यांचा.
वाद घालता येत नाही,
घालावासाही वाटत नाही.

इंदोऱ्यातल्या दोन खोल्यांवर
माझ्या पगाराचा मजला चढतोय.
गिरणीत रात्रपाळी करणाऱ्याची नात इंजिनियर झाली,
हे आई बँकेतल्या साहेबालाही सांगून आली.
वंदनेत पहिलं शील येतं
तेव्हा ती डोळे मिटते. मी नुसते ओठ हलवते.
एकदा विचारलं होतं तिनं, नेमकं काय करता गं तुम्ही?
म्हटलं, घड्याळासारखं काहीतरी.

शहराबाहेर, चाचणीच्या माळावर
आम्हीही स्लॅब ओततो. हीच सळई, हीच गिट्टी,
चार भिंती, वर छत.
सेहेचाळीस डिग्रीत फुलवंता उईके
अठ्ठावीस दिवस त्याची तराई करते,
डोक्यावर ओला दुपट्टा, हातात पाइप,
एक कोपरा कोरडा राहू देत नाही.
"याच्यात राहाले कोण येनार हाये जी म्याडम?
दार ठेवाचं इसरले वाट्टे."

मी वहीत तारीख लिहिली.
सव्विसावा दिवस होता.

मिस्त्री अजून थांबलाय.
सहा, मी म्हणते.
"खर्च वाढते ना जी."
वाढू दे.
एका इंचानं काय होतं ते मला ठाऊक आहे:
तक्त्यात एक ओळ खाली सरकायचं, बस.
तरी सहा.

आता वर मातीची आळी, आळ्यांत पाणी.
पहाटे पाचला, नळ जायच्या आत
आई पाइप ओढत जिना चढते.
"उशीर नको करत जाऊ," म्हणते,
"सुकलं की चिरा पडतात."

सोमवारपासून फाइल माझ्या टेबलावर आहे,
सहीच्या जागी कुणीतरी पेन्सिलीनं फुली केलेली.
धांडे सर विचारत नाहीत. येता जाता बघतात.
आज शनिवार.

मी आईच्या हातून पाइप घेते.
हा कोपरा.
तो कोपरा.
पाण्याच्या टाकीखालचा,
जिथे हात पोचत नाही, तोही.