सहीखालची जागा

करारावर मागच्या वर्षीच सह्या झाल्या.
पुष्पगुच्छ, फोटो, दोन्ही बाजूंचे दात.
फोटो प्राचार्यांच्या केबिनमध्ये, कागद माझ्या कपाटात,
आणि दुडम टेक्स्टाइलमध्ये आमचं एकही पोरगं नाही.

एप्रिलच्या उन्हात स्कूटी अक्कलकोट रोडला लावून
मी विचारलं, का हो, नरसय्याशेठ?
ते टॉवेल मोजत होते, थांबले नाहीत.
"काय शिकवालालाव मॅडम तुमी?
माग कसा चालतो, ते पोरांना येतंय.
माग का थांबला, ते येत नाही.
माझे पैसे थांबलेल्या मागात जातेत."

मी अभ्यासक्रमाचं पुस्तक पुढे केलं.
त्यांनी ते पंख्याखाली उडणाऱ्या पावत्यांवर ठेवलं.
वजन म्हणून चांगलं होतं.

परत येताना राग आला, पण त्यांचा नाही.
आमच्या वर्कशॉपमधला माग कधी बंद पडत नाही
कारण तो कधी चालतच नाही.
पुसलेला, तेल दिलेला,
दसऱ्याला झेंडूचा हार.

सुट्टीत मी दुडमांच्या पहिल्या पाळीला उभी राहिले.
दुसऱ्या दिवशी कान गेले.
चौथ्या दिवशी परत आले, वेगळे होऊन.
पापण्यांवर कापूस.
मल्लेशम जॉबर माझ्याशी तेलुगूत बोलायचा,
मागाशीही तेलुगूत.
मागाला जास्त कळायचं.
तुटलेला धागा तो न बघता सांधायचा,
दुसऱ्या हातातला चहा न सांडता.
गाठ अशी बारीक की फणीतून सुटावी,
अशी पक्की की तुटलाच धागा तर शेजारी तुटावा.
मी घरी शिलाईच्या दोऱ्यावर रात्री अकरापर्यंत.
नवऱ्याने विचारलं, परीक्षा आहे का?
म्हटलं, हो.

आठव्या दिवशी, रिकाम्या बॉबिनच्या क्रेटवर,
कडक भाकरी आणि शेंगाचटणी मध्ये ठेवून बोललो.
मी म्हटलं, दर गुरुवारी मल्लेशम द्या.
एक जुना माग द्या, रोज बिघडणारा.
पोरांना झाडू देऊ नका पहिल्या दिवशी.
शेठ म्हणाले, वीस पाठवू नका, चार पाठवा,
आणि कच्चा असेल तर कच्चा म्हणून सांगा.
मग बराच वेळ गप्प.
"शिकवलं की भिवंडीला जातेत, दोन हजारासाठी."
मी म्हटलं, जातील.
माझ्याकडूनही जातात.
यावर दोघांकडेही काही नव्हतं.
चटणी मात्र संपली.

मल्लेशमचं मानधन ऑफिसात अडलं.
शैक्षणिक अर्हता: पाचवी.
क्लार्कने पेनाचं टोपण लावलं.
शेठनी फोनवर एवढंच सांगितलं,
गुरुवार त्याच्या हजेरीत धरतो, तुमचा फॉर्म तुमच्याकडे राहू द्या.

आता गुरुवारी वर्कशॉप खडखडतं.
तस्लीम बागवान परवा म्हणाली, मॅडम, हा थांबणारंय.
मागाने अजून काहीच केलं नव्हतं.
मल्लेशमने चहा खाली ठेवला.
मग थांबला.

चौघांतला एक, विनायक, अकराव्या दिवशी कामावर गेलाच नाही.
संध्याकाळी शेठचा फोन.
मी माफीची वाक्यं जुळवत होते.
"दुसरा पाठवू नका लगेच. घर कुठंय त्याचं?"
नीलम नगर, म्हटलं.
"थांबा, मीबी येतो."

विनायकची आई विड्या वळत होती, मान वर न करता.
आम्ही दोघं एकाच चटईवर, गुडघे आखडून.
आत तो झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होता.
शेठनी पगाराचं काढलं नाही, मी हजेरीचं काढलं नाही.
त्यांनी विचारलं, पोराला पाळी कुठली झेपंल?

करार अजून कपाटात आहे.
त्यात सह्यांच्या खाली दोन बोटं जागा कोरी होती.
तिथे मी पेन्सिलने लिहिलंय:
विनायक, दुसरी पाळी.
आईला दवाखाना, सकाळी.