वर्षअखेरीचा खांदा

फोनवरची प्रिसिला म्हणाली, अभिनंदन,
तुमच्या कुटुंबाची मर्यादा पूर्ण झाली.
एकोणीस नोव्हेंबर, सकाळचे दहा वाजून दहा.
खिडकीबाहेर लेक सुपीरिअर शिशाच्या रंगाचं,
डुलूथच्या बंदरातून लोहखनिजाचं जहाज निघत होतं,
पोटापर्यंत पाण्यात.
म्हणजे काय, मी विचारलं.
म्हणजे एकतीस डिसेंबरपर्यंत
तुमच्या खिशातून एक डॉलरही नाही, मिस्टर हाल्वोर्सन.

सोळा हजार.
मी कागदाच्या गिरणीत लगद्याच्या टाक्या सांभाळतो,
भरणं म्हणजे काय ते मला काचेच्या नळीतून रोज दिसतं.
ही टाकी कशी भरली तेही पाठ आहे:
आठ हजार सिग्नेचे, जूनमधल्या एका सकाळीच,
वाकलेल्या कण्याला दोन सळया, बावीस स्क्रू.
माणशी मर्यादा आठ हजार. त्यापुढे तिला
कितीही दुखलं तरी हिशेबात दुखत नाही.
मग लोइसच्या पित्ताशयातले खडे, पाच हजार नऊशे.
उरलेलं ऑस्करचं मनगट. आख्खा हिवाळा बर्फावर घसरून
काही झालं नाही, मोडलं ते शाळेच्या जिन्यावर.

माझ्या नावापुढे शून्य.
अकरा वर्षं उजवा हात खांद्यावर जात नाही,
शर्टात आधी तो घालायचा, मग दुसरा.
दर पंधरवड्याला पगारातून तीनशे दहा कापून जातात
आणि माझ्या नावापुढे शून्य.
याला मी काटकसर म्हणत आलो.

बेचाळीस दिवस. लोइसनं फ्रिजवर कॅलेंडर लावलं.
ऑस्करच्या मानेवरचा तीळ, तिची झोपेची तपासणी,
गिरणीतही डिसेंबरात अर्धी पाळी रजेवर,
कुणाचा गुडघा, कुणाचा हर्निया,
दुखण्यांचा सेल लागावा तसे सगळे रांगेत.
मला मिळाली एकोणतीस तारीख, पहाटे सहा.

जेवताना मीच म्हणालो, मोठ्यानं,
बघा, खांदा फुकटात होतोय.
सिग्ने काट्यानं मटार टोचत होती. चौदा वर्षांची, ताठ,
तिला आता पोक काढून बसताच येत नाही.
"फुकट कुठला," ती म्हणाली, "मी भरलेत ना."
रागानं नाही. शेजाऱ्याला करवत उसनी देताना
सांगावं, दाते सांभाळ, तेवढंच.
"पाठ माझी, खांदा तुझा."
कुणीतरी हसलं, बहुतेक ऑस्कर.
मी मीठ मागितलं.

खांदा शिवून झाला.
दोन दिवसांनी, बंदरावर फटाके उडत असताना,
चौघांचेही आकडे एकाच ठोक्याला शून्यावर आले.
टाके तेवढे जुन्या वर्षातले,
फिजिओथेरपी नव्या वर्षातली:
एका खेपेचे एकशे ऐंशी. दोनदा गेलो.

आता मार्च. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी
मुलांच्या उंचीच्या पेन्सिलरेघा आहेत.
सिग्नेची एक चार जूनची, एक बारा जूनची,
मध्ये दीड इंच. आठ दिवसांत.
सर्जन म्हणाली होती, ही उंची तिचीच,
आत दुमडून राहिलेली.

त्या भिंतीवर मी बोटं चालवतो, कोळ्यासारखी,
ती स्टुलावर बसून मोजते.
"खांदा उचलू नकोस. फसवतोयस."
आज मधलं बोट चार जूनला टेकलं.
घाम आला, डोळ्यांत गेला, पुसायला हात मोकळा नव्हता.
वर दीड इंच भिंत.

"ठीक आहे," ती म्हणाली, पेन्सिल शोधत,
"डिसेंबरपर्यंत वेळ आहे."
आणि माझ्या नखाशेजारी
आजची तारीख घातली.